बँड नाडी नव्हे, माझी पावलं मोजत होता
सावकाश पळत होतो, गप्पाही मारता येत होत्या, तरी मनगटावरचा फिटनेस बँड मिनिटाला १७० ठोके दाखवायचा. थांबून लगेच मानेवरची नाडी मोजली: १५ सेकंदांत ३३, म्हणजे मिनिटाला १३२. मग ट्यूब पेटली. १७० ही तर माझी मिनिटाची पावलं! पट्टा सैल असला की बँड हिंदकळतो आणि हिरव्या उजेडाचा सेन्सर त्या हिसक्यांनाच ठोके समजतो. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवला, एक भोक घट्ट केला, सेन्सरवरचं घामाचं कीट पुसलं. आकडा १३५ च्या आसपास आला.

अंतर मात्र अजून जास्तच येत होतं. अ‍ॅपमध्ये उंची चुकीची भरलेली (मीच, अर्थात), आणि पावलाची लांबी बँड त्यावरूनच धरतो. आता पळण्याआधी रनिंग मोडही लावतो. एरवी बँड नाडी अधूनमधूनच बघतो.