बारावीनंतर स्वस्तातलं फिल्म स्कूल शोधताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की घरात पुण्याच्या एफटीआयआयचं, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचं नाव निघतं. मग कळतं, तिथल्या दिग्दर्शन, छायालेखन (म्हणजे कॅमेऱ्याचं काम), संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटचंही तेच. इथे घाबरून ‘डायरेक्ट ॲडमिशन’वाल्या पहिल्याच खासगी अकादमीत पैसे भरले जातात.

थांबा जरा. चेन्नईची एम.जी.आर. सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट बारावीनंतर चार वर्षांची बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स ही पदवी देते. बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना किती जागा आहेत, तेवढं माहितीपुस्तिकेत आधी बघा. आणि ‘हे नाव कुणी ऐकलंय?’ असं कुणी नाक मुरडलंच, तर व्ही. के. मूर्ती आणि गोविंद निहलानी हे छायालेखक बंगळूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकले, हे सांगा. पॉलिटेक्निकमध्ये! त्यातल्या मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

पदवी आणि पदविका एकच समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. तीन वर्षांचा डिप्लोमा केला, हात तयार झाला, आता एफटीआयआयचा फॉर्म भरू म्हटलं, तर पदवीच नाही! म्हणून गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार हे विचारा आणि ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर स्वतः शोधा. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल, तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ते कॉलेज आणि तो कोर्स दोन्ही दिसतात का, हेही तपासा. पदविका वाईट नाही. फक्त पुढचं दार बंद होतंय हे माहीत असावं.

‘कॅमेरा कोणता आहे?’ असं विचारणं

भारीतला कॅमेरा काचेच्या कपाटात असेल तर काय उपयोग? तो किती जणांत आहे ते विचारा. वर्गात ४० मुलं, पाच-पाच जणांचे आठ गट आणि कॅमेरे दोन. आठवड्याला दोनच गटांना कॅमेरा, म्हणजे प्रत्येक गटाला दर चौथ्या आठवड्यात एकदा. १६ आठवड्यांच्या सत्रात जेमतेम चार वेळा. शनिवारी रात्री तो बाहेर नेता येतो का, आणि सही कुणाची लागते, हे काउन्सेलरला विचारू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठा.

संस्थेची जाहिरात-रील बघून निर्णय घेऊ नका. गेल्या वर्षीच्या मुलांच्या तीन फिल्म पूर्ण बघा, कानाला हेडफोन लावून. संवाद पंख्याच्या घरघरीत बुडत असतील तर तिथे ध्वनी शिकवला जात नाही, एवढं ओळखावं. मग श्रेयनामावली थांबवून वाचा. प्रत्येक फिल्मला छायालेखक बाहेरचा व्यावसायिक असेल, तर मुलांनी काय केलं? क्लॅप दिला? सगळीकडे तीच चार नावं दिसली तर बाकीचे ३६ कुठे होते, हाही प्रश्न आहे.

फी म्हणजेच खर्च, असं धरणं

दहा मिनिटांच्या फिल्मसाठी दोन दिवसांचं शूट धरा. पंधरा-वीस माणसांचं दोन वेळचं जेवण, चहा (हा आकडा कुणीच धरत नाही), लाइटचं भाडं, टेम्पो, लोकेशन, दोन हार्ड डिस्क. हे कॉलेज देतं की तुम्ही? लेखी घ्या. कमी फीवाल्या कॉलेजात हा सगळा भार अनेकदा मुलांवर येतो, आणि ज्याच्या घरून पैसे येतात त्याचीच फिल्म होते.

चूक होऊन गेली असेल तर

यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कॉलेजला तुमची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. पण हा नियम मान्यताप्राप्त विद्यापीठं-महाविद्यालयांना आहे. अकादमीशी भांडताना तो कामाला येत नाही, तिथे फक्त तुमच्या हातातली पावती आणि सही केलेला करार.

ते कॉलेज सोडणं शक्यच नसेल तर सिनियरच्या शूटवर बूम (लांब काठीवरचा माइक) धरायला जा. दिग्दर्शक व्हायला सगळेच तयार असतात. बूम धरायला माणूस मिळत नाही, त्यामुळे नाही म्हणणार नाहीत. मुंबईत असाल तर १९६८ पासून चालू असलेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचं सभासद व्हा. पुण्यात असाल तर राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हला (चित्रपट संग्रहालयात) कधी काय दाखवणार आहेत, त्यावर लक्ष ठेवा.