अमेरिकेची राज्यघटना ठाण्याच्या स्लो लोकलमध्ये कशी वाचायची

आमच्या फॅमिली ग्रुपवर न्यू जर्सीचा चुलतभाऊ आणि खारघरची आत्या यांचं महिन्यातून एकदा तरी वाजतंच. तो म्हणतो आमच्याकडे फर्स्ट अमेंडमेंट आहे (म्हणजे अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती, बोलण्याच्या स्वातंत्र्याची), ती म्हणते आम्हाला बाबासाहेबांनी सगळं दिलंय, आणि दोघांनीही दोन्हीतलं एक पान वाचलेलं नाही. मी पण वाचलं नव्हतं. मग गेल्या पावसाळ्यात घेतलं हातात, चुकत चुकत वाचलं, आता जरा कळलंय की कुठून सुरुवात केली तर डोक्यात राहतं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे घाबरू नका, एवढीशी आहे ती. मूळ मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास, ७ कलमं, आणि नंतरच्या २७ दुरुस्त्या. आपली १९५० ला लागू झाली तेव्हाच ३९५ कलमं होती. नौपाड्यात कुठेही प्रिंट काढा, पण पाठपोट नको, एकाच बाजूला, मागची कोरी बाजू पुढे लागणार आहे. आणि ठाण्याहून स्लोच पकडा, फास्टमध्ये एक हात वर अडकलेला असतो, पान उलटणार कशाने. सीएसएमटीपर्यंत मूळ घटना, परतीला दुरुस्त्या, एका दिवसात पहिलं वाचन होतं.

चढण्याआधी एक घोळ मिटवा. ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सगळी माणसं समान' हे जाहीरनाम्यात, घटनेत शोधत बसू नका, मी बसलो होतो. जाहीरनाम्याचा मोठा भाग म्हणजे राजा तिसरा जॉर्ज याच्यावरची तक्रारींची यादी आहे: आम्हाला न विचारता कर लावले, ज्युरी काढून घेतली, शांततेच्या काळात सैनिक आणून बसवले. घटना त्यानंतर ११ वर्षांनी, १७८७ ला फिलाडेल्फियात लिहिली, आणि हक्कांच्या पहिल्या १० दुरुस्त्या तर १७९१ ला आल्या. म्हणून आधी ती यादी वाचा, पेनाने नंबर टाका, मग घटनेत आणि त्या १० दुरुस्त्यांत कुठल्या तक्रारीचं उत्तर कुठे मिळतं ते जुळवा. तिसरी दुरुस्ती सांगते की शांततेच्या काळात मालकाला न विचारता सैनिक कोणाच्या घरात ठेवायचे नाहीत, नुसती वाचली तर हसू येतं, यादीनंतर वाचली तर येत नाही.

आता खरं वाचन. प्रत्येक हक्काखाली एकच गोष्ट अधोरेखित करायची, हे कोणाला बजावलंय? पहिली दुरुस्ती 'तुम्हाला बोलायचा हक्क आहे' अशी सुरूच होत नाही, ती म्हणते काँग्रेस असा कायदा करणार नाही. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नाही, आत्याला दोनदा सांगावं लागलं.) म्हणजे बंधन सरकारवर आहे. चुलतभावाची पोस्ट फेसबुकने उडवली तेव्हा तो फर्स्ट अमेंडमेंटच्या नावाने ओरडत होता, पण फेसबुक ही खाजगी कंपनी आहे, तिला ती दुरुस्ती लागूच नाही.

आणि सरकार म्हणजे तरी कुठलं? बाल्टिमोरमध्ये बॅरन नावाच्या माणसाचा धक्का होता, शहराने ओढ्यांचं पाणी वळवलं, धक्क्यापाशी गाळ साचला, जहाजं लागेनात. तो पाचव्या दुरुस्तीखाली भरपाई मागत वरपर्यंत गेला आणि १८३३ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, या दुरुस्त्या फक्त केंद्राला बांधतात, राज्याला किंवा शहराला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बंधन दिल्लीवर, मंत्रालय आणि महापालिका मोकळी. हे बदललं १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीमुळे, ते पण लगेच नाही, त्याच्या आधारावर कोर्टाने एकेक हक्क राज्यांना लावत नेला, त्यात विसाव्या शतकाचा बराच भाग गेला. अमेरिकेची घटना म्हणजे १७८७ असं जे म्हणतात ना, त्यांना १८६८ विचारा.

पुढचा व्यायाम मला सगळ्यात आवडतो. मूळ घटनेत 'गुलाम' शब्द शोधा. सापडणार नाही! 'इतर व्यक्ती' असं लिहिलंय, आणि लोकसभेसारख्या त्यांच्या खालच्या सभागृहाच्या जागा ठरवताना ती 'इतर व्यक्ती' तीन-पंचमांश मोजायची, मत मात्र काही नाही. गुलामगिरी हा शब्द पहिल्यांदा येतो तो तेराव्या दुरुस्तीत, १८६५, ती बंद करताना. पुढे ८ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच. आपल्याकडे ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी नीट वाचली होती तर.

मग दरवाजा शोधून कोऱ्या बाजूला लिहायचा. हक्क मोडला तर नेमका कुठला ठोठावायचा? पहिल्या कलमाच्या नवव्या सेक्शनमध्ये हेबियस कॉर्पस आहे, म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि का पकडलं सांगा, आणि बंड किंवा आक्रमण असेल आणि सुरक्षेला गरज असेल तरच ते थांबवता येतं. आपल्याकडे त्याच कामाला कलम ३२ आहे. पण दरवाजा कागदावर आहे एवढ्यावर खूश होऊ नका, तारखा बघा. २४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली, माणसं उचलून नेली जायला लागली, घरचे हेबियस कॉर्पसचे अर्ज घेऊन कोर्टात गेले की उत्तर येई, असा कोणी आमच्याकडे नाही. आणि त्याच्या महिनाभरानंतर, २८ एप्रिल १९७६ ला, आपल्या सुप्रीम कोर्टाने आणीबाणीत जबलपूरच्या केसमध्ये चार विरुद्ध एक असं ठरवलं की आत्ता हा अर्ज करताच येत नाही. एक होते न्यायमूर्ती खन्ना. दोन खंड, एक घटना बऱ्यापैकी जुनी आणि एक नवी, आणि दरवाजा एकाच वेळी बंद. नंतर दोघांनीही कडी दुरुस्त केली, आपण १९७८ च्या चव्वेचाळीसाव्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ (शिक्षेबाबतचं संरक्षण, आणि जगण्याचा व स्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं केलं, अर्जेंटिनाने १९९४ ला लिहिलं की वेढ्याची स्थिती, म्हणजे तिथली आणीबाणी, जाहीर असली तरी हेबियस कॉर्पस चालणार, आणि माणूस गायब केला असेल तरी. म्हणून कुठलीही घटना हातात आली की आधी आणीबाणीचं कलम काढा, हक्कांचं नंतर.

(अर्जेंटिनाची ती घटना १ मे १८५३ ची. आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. पंधरा दिवसांचा फरक, मला उगाचच भारी वाटलं.)

राष्ट्राध्यक्षाच्या ताकदीसाठी एकच खटला पुरे. १९५२, कोरियाचं युद्ध चालू, स्टील कामगारांचा संप होणार, राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने स्टीलचे कारखानेच ताब्यात घेतले. कोर्ट ६ विरुद्ध ३ ने म्हणालं, कायदा नाही, परत करा, आणि त्याने केले. खारघरच्या आत्याच्या सोसायटीत सेक्रेटरीने 'अर्जंट परिस्थिती' म्हणून एजीएम न घेता पार्किंग वाटून टाकलं होतं, तिला हा खटला दोन मिनिटांत कळला.

आता नकाशावर खाली उतरा, कारण अमेरिका म्हणजे फक्त यूएस नाही. कोऱ्या पानावर चार रकाने पाडा: स्वातंत्र्य, घटना, गुलामगिरी संपली, बायकांना मत. यूएस: १७७६, १७८७, १८६५, १९२०. ब्राझील: १८२२, १८२४, १८८८, १९३२. ही रांग भरताना कळतं की देश सुटणं आणि माणूस सुटणं यात किती वर्षं जातात. हैतीची रांग मात्र उलटी, तिथे गुलामांनीच १७९१ ला बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ ला देश केला. त्याची शिक्षा पण मिळाली, १८२५ ला फ्रान्सने मान्यता द्यायला १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी, ज्यात गुलाम पण धरलेले. नंतर ९ कोटीवर आलं. यूएसने मान्यता दिली १८६२ ला. हे शाळेत कोणी शिकवलं नाही.

मेक्सिकोची १९१७ ची वाचा, सगळी नको, फक्त २७ आणि १२३. जमीन आणि जमिनीखालचं देशाचं, आणि कामाचे आठ तास, हे थेट घटनेत. तिथेच 'अम्पारो' नावाचा दरवाजा आहे, सरकारने हक्क मोडला तर कोर्टाकडे संरक्षण मागायचं, सुरुवात १८४१ ला युकातानमध्ये. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इंग्रजांपासून लांब राहत याच मेक्सिकोत पोचले आणि मक्यावर काम करत राहिले, दिएगो रिवेराने भित्तिचित्रात पण काढलंय त्यांना. स्पॅनिश येत नसेल तर इंग्रजी भाषांतरं ऑनलाइन सहज मिळतात.

कॅनडा शेवटी ठेवा, १८६७ चा देश आणि हक्कांची सनद १९८२ ची. त्यातलं ३३ वं सेक्शन चुकवू नका: विधिमंडळ सरळ लिहून देऊ शकतं की हा कायदा सनदेतल्या काही हक्कांच्या विरोधात असला तरी चालेल, पाच वर्षांसाठी, मग परत पाच. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, हे आमच्या सेक्रेटरीला सांगू नकोस.