रविवारी सकाळी मूल उठवायला येतं तेव्हा

रविवारची सकाळ. तुम्ही अजून पांघरुणात, आणि लेक पलंगाशी उभी. एक बूट पायात, दुसरा हातात. "आज चर्चला जायचं ना?" आपण "झोप गं अजून थोडं" म्हणतो आणि कूस बदलतो.

असं म्हणणारे आपण पहिले नव्हे. बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकून एलीकडे धावत जातो, आणि एली त्याला दोनदा सांगतो, मी नाही हाक मारली, जा, नीज. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की पोराला देव बोलावतोय. एली तर याजक होता, मंदिरातच राहणारा! तेव्हा पहिल्या दोन रविवारांबद्दल स्वतःला फार बोल लावू नका. तिसरा मात्र हुकवू नका.

आधी तिला का जायचंय ते विचारून घ्या, पण उलटतपासणी नको. गाणी आवडतात, संडे स्कूलच्या बाई चित्रं देतात, मैत्रीण येते, असलं काहीही निघेल. कारण पुरेसं धार्मिक नाही म्हणून ते मोडीत काढू नका. मोठी माणसं तरी कुठे दर वेळी शुद्ध भक्तीनेच जातात?

मग शनिवारी संध्याकाळीच तयारी उरका. रविवारी सकाळी घरात जी चिडचिड होते, ती बहुतेक वेळा न सापडणाऱ्या मोज्यांमुळे होते. कपडे काढून ठेवा, उपासनेची वेळ नक्की करा, दानाचं नाणं तिच्याच हाती द्या. दरवाजातून बाहेर पडायची वेळ झाली हे सांगायचं कामही तिचं. वर्षभराचा संकल्प करू नका. सलग चार रविवार एवढंच ठरवा.

चर्चमध्ये पुढे बसा. लहान मूल मागे बसलं की त्याला फक्त पाठी दिसतात, म्हणून ते चुळबुळतं. वेदी, मेणबत्त्या, पाळकांचे हात दिसले की निम्मी चुळबुळ थांबते. बाकाचं टोक धरा, म्हणजे रडू आलं तर चटकन बाहेर पडता येईल. कोणी वळून पाहिलंच तर पाहू द्या. मुलांना आणणाऱ्यांना शिष्य दटावत होते तेव्हा येशू रागावला तो शिष्यांवर (मार्क १०:१४).

परतताना प्रश्न येतील, आणि खरं काम इथेच आहे. "येशूला झोप यायची का?" असं विचारलं तर "असले प्रश्न विचारू नयेत" म्हणू नका. घरी जाऊन मार्क ४:३८ काढा: वादळात तो नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता. मूल त्या उशीवरच अडकेल. कसली होती, कोणी आणली. अडकू द्या. उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, शोधू या" म्हणा. कित्येक आईवडिलांनी शाळकरी वयानंतर बायबल पुन्हा उघडलं ते अशाच एखाद्या प्रश्नापायी.

कॅथलिक घरांत पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मूल चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं त्या विधीची, तयारी हे चांगलं निमित्त असतं. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी त्यासाठीचं वय साधारण सातवर आणलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागे. मूल प्रार्थना पाठ करत असेल तेव्हा शेजारी बसून तुम्हीही म्हणा. विसरलेल्या ओळी तीच सांगेल.

एक पथ्य मात्र कडक पाळा. नवरा किंवा बायको यायला तयार नसेल तर मुलाला निरोप्या करू नका. "जा, बाबांना सांग, तुम्ही आला नाहीत तर मला वाईट वाटतं" ही शिकवलेली वाक्यं बाबांना लगेच कळतात, आणि मुलाच्या श्रद्धेचं हत्यार होतं. दोघंच जा. परत आल्यावर तिने जेवताना गाणं गुणगुणलं तर गुणगुणू द्या, बाबांकडे सूचक नजर टाकू नका. चारचौघांत "आमची किती देवभक्त" असं मिरवणंही टाळा. मग ती देवाऐवजी तुमच्याकडे बघून प्रार्थना करू लागते.

आणि एखाद्या रविवारी तीच म्हणेल, "आज नको." वाद घालू नका, कपाळाला हात लावून ताप बघा, आणि ताप नसेल तर तुम्ही तुमचे बूट घालायला घ्या. बऱ्याचदा दुसऱ्या बुटाच्या नाडीपर्यंत ती तयार होऊन येते. नाहीच आली, तर एकटे जाऊन या आणि तिच्यासाठी संडे स्कूलचं चित्र मागून आणा.