मराठी वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी म्हणून: कुठून सुरुवात करायची, काय तपासायचं

रोजचे बाजारभाव वेबसाइटवर टाकायची अनेक ठिकाणची रीत ठरलेली आहे. मोंढ्यातल्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तसाच चढवून द्यायचा. डोळस माणसाला तुरीचा भाव लगेच दिसतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध शेतकऱ्याला मात्र त्या जागी नुसतं ‘ग्राफिक’ असं ऐकू येतं, फार तर फाइलच्या नावातले आकडे. नजर अधू असलेला माणूस फोटो मोठा करायला जातो, तर अक्षरं फाटतात. भाव सगळ्यांसाठी लावलेला असतो आणि तो दोघांनाही कळत नाही.

मराठवाड्यातल्या बाजार समित्या, पतसंस्था, ग्रामपंचायती, कॉलेजं यांच्या वेबसाइट जे बनवतात किंवा सांभाळतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणाला भावाचं पान आणि शेतकरी नोंदणीचा फॉर्म घेतलाय. कामाचा क्रम मात्र पाळा: आधी मजकूर, मग कीबोर्ड, मग फॉर्म. वरच्या कोपऱ्यात अक्षरं लहान-मोठी करणारी बटणं लावून सुरुवात करू नका. ते काम ब्राउझर कंट्रोल आणि प्लस दाबल्यावर आधीच करतो. एक ओळ कोड टाकला की साइट सुगम (दिव्यांगांना वापरण्याजोगी) होते असं सांगून विकली जाणारी विजेटंही टाळा. खालचा एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, चुकलेला असेल तर वरून लावलेल्या विजेटनं तो सुधारत नाही, आणि कित्येकदा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरला विजेटचाच अडथळा होतो.

मजकूर खरा आहे का?

पानावरचा एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवलेली आहेत. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे. तिथे मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर माणसाकडून वाचून घ्या. हमखास बिघडणारी जागा म्हणजे ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांचे’ यांतला ‘ऱ्य’. त्याचा रफार होऊन ‘शेतकर्यांना’ होतं. रफार आणि पहिली वेलांटी जिथे जिथे आहे, तिथेही नजर फिरवा.

त्यानंतर भाषा. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. मराठी पानासाठी त्याची किंमत ‘एमआर’ हवी. तयार टेम्प्लेट विकत घेतलं की तिथे ‘ईएन’ तसंच राहून जातं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला लागतो आणि शब्द ओळखू येत नाहीत, कधी तर आख्खी ओळ गाळली जाते. ‘एचआय’ लिहिलं तर हिंदी उच्चार येतात. मराठी पानात इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला ‘ईएन’ द्या. आपल्याकडे परभणी, बीड, नांदेडच्या संस्थांच्या साइटवर उर्दू पानंही असू शकतात. त्यांना ‘यूआर’ भाषा आणि उजवीकडून डावीकडे जाणारी ‘आरटीएल’ दिशा, दोन्ही लागतात.

संक्षेप शक्यतो सोडून द्या. ‘रु./क्विं.’ डोळ्यांना चालतं, कानांना चालत नाही. ‘रुपये प्रति क्विंटल’ लिहा. ‘७/१२’ ऐवजी ‘सातबारा’, ‘छ. सं. नगर’ ऐवजी ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहा. तारीख ‘३/४/२५’ अशी न लिहिता ‘३ एप्रिल २०२५’ अशी लिहा. ऐकताना महिना कुठला आणि दिवस कुठला, हा प्रश्नच मग उरत नाही.

भावाचा तक्ता

फोटोच्या वर्णनात म्हणजे ‘ऑल्ट’मध्ये सगळे भाव कोंबणं हा उपाय नाही. ते एका दमात वाचलं जातं आणि मधला एक आकडा शोधता येत नाही. तिथे तक्ताच हवा, आणि तोही खराखुरा ‘टेबल’. रेघा मारून तक्त्यासारखे दिसणारे डबे नकोत.

समजा रकाने असे आहेत: शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. वरच्या ओळीतला प्रत्येक मथळा ‘टीएच’ टॅगमध्ये घाला आणि त्याचा ‘स्कोप’ ‘कॉल’ ठेवा. डावीकडच्या रकान्यातली सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी ही नावंसुद्धा ‘टीएच’च, त्यांचा ‘स्कोप’ ‘रो’. बाकी आकडे ‘टीडी’मध्ये. तक्त्याला ‘कॅप्शन’ द्या, त्यात बाजार आणि तारीख येऊ द्या. एवढं केलं की एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणांच्या कळांनी फिरताना रकाना बदलला की ‘कमाल दर’ आणि ओळ बदलली की ‘तूर’ असं ऐकू येतं, पाठोपाठ आकडा. मथळे ‘टीडी’मध्ये असतील तर नुसते आकडे ऐकू येतात. तिसऱ्या ओळीपर्यंत जाता जाता कोणता भाव कशाचा हे माणूस विसरून जातो.

दोन गोष्टींनी चांगला तक्ताही बिघडतो. एक, एकमेकांत मिसळलेले चौकोन: ‘सोयाबीन’ एकदाच लिहून खाली तीन ओळींचा मिळून एक चौकोन करणं. प्रत्येक ओळीत नाव पुन्हा लिहा. दुसरी, रिकामे चौकोन. आवक नसेल तर ‘आवक नाही’ असं लिहा. रिकामा चौकोन ऐकणाऱ्याला पान नीट उघडलं नाही असंच वाटतं.

भाव भरणाऱ्या कर्मचाऱ्याला एचटीएमएल शिकवत बसू नका. त्याला आकडे भरायचा साधा फॉर्म द्या, तक्ता सॉफ्टवेअरनं आपोआप बनवावा.

पीडीएफ

सही-शिक्क्याचं पत्रक स्कॅन करून चढवलं तर तो पुन्हा फोटोच. मराठी पीडीएफमध्ये मजकूर खरा असला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या अनेकदा उलटसुलट निघतात. म्हणून सूचना आधी पानावर साध्या मजकुरात द्या आणि खाली सहीची प्रत जोडा. वर्डमधून पीडीएफ बनवायची झाली तर ‘सेव्ह ॲज’नं बनवा. प्रिंट करून बनवलेल्या पीडीएफमध्ये हेडिंग आणि तक्त्याची रचना टिकत नाही.

लिंकला ‘येथे क्लिक करा’ हे नाव देऊ नका. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकची यादी उघडते. त्यात वीस वेळा ‘येथे क्लिक करा’ दिसलं तर त्या यादीचा उपयोग शून्य. ‘पीक कर्ज अर्ज, पीडीएफ, २ एमबी’ असं नाव द्या.

नजर अधू असणाऱ्यांसाठी

साध्या अक्षरांचा मागच्या रंगावर उठाव (कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणाचं प्रमाण) किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. मोठी म्हणजे साधारण २४ पिक्सेल, ठळक असतील तर साधारण १९ पिक्सेल. आपल्या भागातल्या साइटवर केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं फार दिसतात. नेहमीच्या केशरी रंगावर पांढऱ्याचं प्रमाण जेमतेम २.१ : १ भरतं, म्हणजे मथळ्यालाही पुरत नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं साडेनऊच्या वर जातात. पट्टीचा रंग बदलायची गरजच नाही, अक्षरांचा बदला. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं हवी असतील तर ‘७६७६७६’ ही शेवटची फिकट छटा, त्याहून फिकट नको. उन्हात शेतात उभं राहून मोबाइल बघणाऱ्यालाही याचा तेवढाच फायदा होतो.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. तिरपी अक्षरं, बारीक वजनाचे फॉन्ट आणि दोन्ही कडा जुळवलेले परिच्छेद टाळा. बटणाची आणि मेनूची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली की अक्षर मोठं करताच वेलांट्या कापल्या जातात. पान ४०० टक्के मोठं करून बघा. मजकूर एका रकान्यात यायला हवा, वाचण्यासाठी आडवं सरकवावं लागता कामा नये. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करायची सोय पानाच्या ‘व्ह्यूपोर्ट’ या सेटिंगमधून बंद केलेली असेल तर ती आजच सुरू करा.

सरकणाऱ्या सूचना काढून टाका. पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणाऱ्या हालचालीला थांबवायचं बटण लागतंच, मग सरळ स्थिर यादी का देऊ नये? ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारी चित्रं वाचणाऱ्याचं लक्ष सारखं तोडतात.

माऊस काढून ठेवा

हात थरथरणारे, एका हातानं काम करणारे आणि अंध, हे सगळे कीबोर्डवर अवलंबून असतात. माऊस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत पानभर फिरा. आपण कुठे आहोत ते प्रत्येक पायरीला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर कोणीतरी सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘आऊटलाइन नन’ लिहिलेलं असणार. ते काढा आणि निदान २ पिक्सेलची गडद चौकट द्या.

मेनू नुसता माऊस नेल्यावर उघडत असेल तर तो एंटरनेही उघडायला हवा. ‘डिव्ह’ला क्लिक जोडून बनवलेलं बटण टॅबला सापडतच नाही, त्याजागी खरं ‘बटन’ वापरा. पॉपअप एस्केपनं बंद व्हावा आणि फोकस (कीबोर्डची पानावरची सध्याची जागा) जिथून गेला तिथेच परत यावा. पानाच्या सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक द्या, नाहीतर प्रत्येक पानावर सगळा मेनू पुन्हा ओलांडावा लागतो. बोटानं दाबायच्या जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असाव्यात, मोबाइलवर ४४ ठेवलेल्या बऱ्या.

नोंदणीचा फॉर्म

लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

प्रत्येक रकान्याला खरं ‘लेबल’ हवं आणि ते ‘फॉर’नं रकान्याच्या आयडीला बांधलेलं हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘नाव लिहा’ असं असतं ते लेबल नव्हे. लिहायला लागलं की ते गायब होतं. बरोबर बांधलं की नाही हे तपासायला लेबलवर क्लिक करा, कर्सर रकान्यात गेला पाहिजे.

जिल्हा निवडला की तालुके आपोआप भरणं ठीक आहे. पण निवड बदलताच आख्खं पान पुन्हा उघडत असेल, तर कीबोर्डवाल्याला यादीत खाली जाताच येत नाही. पहिल्याच बाणाला छत्रपती संभाजीनगर निवडलं जातं, पान नव्यानं येतं आणि धाराशिवपर्यंत पोचणं होत नाही. अशा ठिकाणी शेजारी ‘पुढे जा’ हे बटण द्या.

मोबाइल, आधार आणि गट क्रमांकाच्या रकान्यात ‘नंबर’ हा प्रकार वापरू नका. मराठी कीबोर्डवरून टाकलेले देवनागरी अंक तिथे अनेकदा घेतले जात नाहीत आणि का घेतले नाहीत हेही कळत नाही. मोबाइल आणि आधारला ‘टेल’, गट क्रमांकाला साधा मजकूर ठेवा, आणि देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक सर्व्हरवर करून घ्या.

चूक झाली की रकान्याची कड नुसती लाल करू नका. रंग न ओळखणाऱ्याला ती दिसत नाही, अंधाला तर नाहीच. ‘अवैध नोंद’ या शब्दांतूनही काही बोध होत नाही. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, ९ अंक आले आहेत’ असं रकान्याजवळ लिहा, ते ‘एरिया डिस्क्राइब्डबाय’ (aria-describedby) या गुणधर्मानं रकान्याला जोडा आणि फोकस पहिल्या चुकीवर न्या. बरोबर भरलेलं बाकी सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे.

चित्रातल्या वाकड्या अक्षरांचा कॅप्चा अंधाला दार बंद करतो. इंग्रजीतला आवाजी कॅप्चा मराठीच समजणाऱ्याला कामाचा नाही. ओटीपी येतोच आहे तर कॅप्चा कशाला? माणसाला न दिसणारा आणि स्क्रीन रीडरपासूनही लपवलेला एक रकाना ठेवा, तो भरला गेला तर समोर यंत्र आहे. ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन न करता एकच रकाना द्या आणि पेस्ट बंद करू नका. वेळ संपत आली की वाढवून मागायची सोय ठेवा. ऐकत ऐकत मेसेज उघडणं, अंक लक्षात ठेवणं आणि परत फॉर्मवर येणं याला वेळ लागतो.

संचालक मंडळाला पटवायचं असेल तर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सरकारी आणि खासगी दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केलं. कामाच्या करारात ‘डब्ल्यूसीएजी २.२, पातळी एए’ असं वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचं नाव घालून लिहा. नुसतं ‘सुगम असावी’ असं लिहिलं तर काम घेताना मोजायला काही हाती राहत नाही.

तपासणी

लाइटहाउस, वेव्ह किंवा ॲक्स यांपैकी आपोआप तपासणी करणारं एखादं साधन चालवा, पण शंभर गुण मिळाले म्हणून थांबू नका. ऑल्ट लिहिलाय की नाही हे ही साधनं सांगतात, तो बरोबर आहे की नाही हे सांगत नाहीत. नंतर एनव्हीडीए लावा. एच दाबून हेडिंग, टी दाबून तक्ता, एफ दाबून फॉर्मचा रकाना. बोलणं थांबवायला कंट्रोल, बंद करायला इन्सर्ट आणि क्यू. बहुतेक लोक मोबाइलवरूनच येतात, म्हणून अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडरही चालवून बघा.

शेवटी दिव्यांग व्यक्तींना बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि कामं नेमून द्या: आजचा हरभऱ्याचा कमाल दर सांगा, नोंदणी पूर्ण करा. मध्ये बोलू नका, कुठे थांबतात तेवढं टिपा. एक अंध, एक अल्पदृष्टी आणि एक हातांची हालचाल मर्यादित असलेली व्यक्ती, एवढी माणसं पहिल्या फेरीला पुरतात.

साइटवर व्हिडिओ असतील तर मराठी सबटायटल द्या. आपोआप तयार झालेली तशीच ठेवू नका, शेतमालाची आणि गावांची नावं त्यात हमखास चुकतात. अडचण कळवण्यासाठी नुसता फोन नंबर दिला तर कर्णबधिरांना तो वापरता येत नाही. त्याच नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करा, सोबत ईमेल द्या आणि दोन्हींना उत्तर कोण देणार त्या कर्मचाऱ्याचं पद पानावर लिहा.