घड ठरतो उन्हाळ्यात: खरड छाटणीनंतरची द्राक्षबाग

फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघाले की बागायतदार डॉरमेक्सला (डोळे फुटण्यासाठी लावायचं रसायन), थंडीला किंवा त्या आठवड्यातल्या पावसाला दोष देतो. बहुतेक वेळा हिशेब तिथे चुकलेला नसतो. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात जुन्या काड्या आखूड कापून नव्या काड्या वाढवायची छाटणी) साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, घड तयार व्हायला लागतो. एप्रिलच्या मध्याला छाटलेल्या बागेत हा काळ मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत येतो. छाटणी मेमध्ये ढकलली, तर तो थेट ढगाळ जूनमध्ये सापडतो. म्हणून पाणी असेल तर छाटणी लांबवू नका.

डोळ्याला ऊन हवं. ढगाळ हवा, भरपूर पाणी आणि नत्र एकत्र आलं की वेलीत जिबरेलिन हे वाढीचं संजीवक वाढतं, शेंडा पळतो आणि घडाऐवजी बाळी (वेलीचा तणावा) बनते. सायटोकायनिन या दुसऱ्या संजीवकाचं पारडं जड असेल तर घड बनतो. दुपारी मांडवाखाली उभं राहून जमिनीकडे पाहा: उन्हाचे कवडसे दिसत नसतील तर फुटी दाट आहेत. फेलफुटी (नको असलेल्या फुटी) वेळेवर काढा. नऊ-दहा पानं झाली की सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (शेंडा मारल्यावर निघणारी उपकाडी) करा. ही उपकाडी निघते त्या गाठीजवळचे डोळे सहसा फलदायी असतात.

याच काळात युरियाचा मोह आवरा. पानं पिवळी नसताना नत्र देणं म्हणजे पैसे घालून बाळ्या विकत घेणं. स्फुरदाकडे लक्ष द्या, काडी पिकू लागली की पालाश वाढवा. पाणी वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नाही) ठेवा. पण वेलीला ताण बसेल इतकं तोडू नका.

वाढ रोखायला सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड) सर्रास मारलं जातं. 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षं याच्याच अवशेषांमुळे अडकली होती. निर्यातीची बाग असेल तर आधी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची रसायनांची यादी पाहा, मगच हात लावा. पिंचिंग (शेंडा मारणं) आणि पाण्याचा आवर यांनी बरंच काम भागतं, मात्र मजूर वेळेवर मिळायला हवेत.

ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या आधी प्रत्येक प्लॉटमधल्या वेगवेगळ्या जाडीच्या काड्या नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घ्या. घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळलं की कात्री कुठे लावायची ते कळतं. शेजाऱ्याने कुठे छाटलं, यावरून आपला डोळा ठरवू नका.