लॅपटॉपशिवाय स्टेजवर: स्टँडअलोन यंत्र निवडताना काय तपासावं

आकाई एमपीसी, रोलँड एसपी-४०४ एमके२, इलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट, एबलटन पुश ३, नोव्हेशन सर्किट ट्रॅक्स. घरी हेडफोन लावून ऐकलं तर यातलं कुठलंही यंत्र आवडेल. सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज पॅडवर वाजवणारा), सिक्वेन्सर (आधी रचलेली सुरावट आणि ताल आपोआप वाजवणारा), इफेक्ट्स सगळं एकाच डब्यात, आणि लॅपटॉपची कटकट नाही. स्टेजवर मात्र कस वेगळ्याच गोष्टींचा लागतो. वाजवता वाजवता आवाज कशामुळे बंद पडू शकतो, आणि पडलाच तर तो किती सेकंदांत परत येतो, हे आधी बघायचं. आवाजांचा साठा, इफेक्ट्सची यादी, पॅडचे रंग हे सगळं त्यानंतर.

दुकानात जाण्याआधी आपला सेट कागदावर उतरवा. किती गाणी, प्रत्येक गाणं किती मिनिटांचं, दोन गाण्यांच्या मध्ये बोलायला थांबता की आवाज अखंड हवा, ड्रमरला क्लिक (कानात वाजणारी तालाची टिकटिक) द्यायची आहे का, बाहेरचा सिंथ (सिंथेसायझर) जोडणार का, गायकाचा माइक याच यंत्रातून जाणार का. एवढं लिहिलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

गाणं बदलताना आवाज तुटतो का?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बहुतेक यंत्रांत ‘प्रोजेक्ट’ हा मोठा डबा आणि त्यात ‘सिक्वेन्स’ किंवा ‘पॅटर्न’ हे छोटे डबे. एका प्रोजेक्टमधल्या पॅटर्नवरून दुसऱ्या पॅटर्नवर उडी मारली तर ताल तुटत नाही. प्रोजेक्टच बदलला तर एमपीसी, डिजिटॅक्ट आणि एसपी-४०४ एमके२ या तिन्हींत वादन थांबतं आणि नवा प्रोजेक्ट लोड होईपर्यंत शांतता. म्हणजे सलग सेट वाजवायचा असेल तर सगळी गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये बसायला हवीत, आणि मग मेमरीचा हिशेब आलाच.

हिशेब सोपा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ ऑडिओ मिनिटाला साधारण १०.६ एमबी जागा घेतो. मोनो केला तर निम्मी, २४ बिट ठेवला तर दीडपट. समजा १० गाणी आहेत, प्रत्येक ४ मिनिटांचं, आणि प्रत्येकाचे ४ स्टिरिओ स्टेम्स, म्हणजे वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक: ड्रम, बेस, सूरवाद्यं, कोरस. १० × ४ × ४ × १०.६ म्हणजे जवळपास १,७०० एमबी. एमपीसी वनमध्ये रॅम २ जीबी, आणि त्यातली काही यंत्राची स्वतःची सिस्टीम खाते. स्टेम्स सॅम्पल म्हणून लोड केलेत तर हा सेट मावणार नाही. तेच स्टेम्स मोनो केले की ८५० एमबीत काम होतं. बेस आणि किक स्टिरिओ ठेवण्याचं तसंही काही कारण नसतं.

२०१७ च्या पहिल्या डिजिटॅक्टमध्ये एका प्रोजेक्टला ६४ एमबी मिळतात, तेही फक्त मोनो सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला म्हणजे साडेअकरा मिनिटांच्या आसपास. छोटे ठोके आणि लूप कापून वाजवणाऱ्याला हे भरपूर आहे, पूर्ण लांबीचे बॅकिंग ट्रॅक वाजवणाऱ्याला अजिबात पुरणार नाही. २०२४ च्या डिजिटॅक्ट २ मध्ये ४०० एमबी, स्टिरिओ सॅम्पल आणि १६ ट्रॅक आले, त्यामुळे हातपाय पसरायला जागा झाली. इलेक्ट्रॉनचाच ऑक्टाट्रॅक जुना असला तरी त्याची एक खुबी अजून मोलाची आहे: त्याचं ‘स्टॅटिक’ मशीन लांब फाइल थेट कार्डवरून वाजवतं, रॅमची अडचणच येत नाही. फक्त कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं आणि ते आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. यंत्र घ्यायचं तर दोन चांगली कार्डं त्याच वेळी घेऊन ठेवा.

सर्किट ट्रॅक्स या सगळ्यांत छोटं आणि साधं, पण प्रोजेक्ट बदलण्यात भल्याभल्यांना मागे टाकतं. वादन चालू असताना दुसरा प्रोजेक्ट निवडला तर चालू पॅटर्न संपल्यावर तो तालात सुरू होतो. नाचणाऱ्यांसमोर तासभर अखंड वाजवायचं असेल तर ही एक सोय शंभर इफेक्ट्सपेक्षा उपयोगी आहे.

आउटपुट मोजा

एकटेच वाजवत असाल आणि सगळं दोन वाहिन्यांतून बाहेर काढणार असाल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. बँड असेल तर नाही.

ड्रमरच्या कानात क्लिक हवी आणि ती लोकांना ऐकू जायला नको, तर किमान ४ स्वतंत्र आउटपुट हवेत. एमपीसी लाइव्ह २ ला ६ आहेत. ऑक्टाट्रॅकला मेन आणि क्यू अशा दोन जोड्या. एमपीसी वन आणि डिजिटॅक्टला मात्र मेनची एकच जोडी. अशा वेळी जुना उपाय म्हणजे क्लिक पूर्ण डावीकडे, संगीत पूर्ण उजवीकडे. संगीत मोनो होतं, पण काम भागतं. एमपीसी वनला क्लास-कम्प्लायंट (वेगळा ड्रायव्हर न लागणारा) यूएसबी ऑडिओ इंटरफेस जोडून जादा आउटपुट काढता येतात. त्यात आणखी एक डबा, आणखी एक केबल आणि बिघडायला आणखी एक जागा वाढते, हेही धरून चाला.

मोनोवरून आठवण: आपल्याकडचे बरेच साउंडवाले पूर्ण सिस्टीम मोनोच चालवतात. रुंद पसरवलेला सिंथ मोनोमध्ये बारीक होतो, कधी नाहीसाच होतो, कारण डाव्या-उजव्या लहरी एकमेकींना खोडतात. घरीच मिक्सरवर दोन्ही चॅनल मधोमध पॅन करून सगळी गाणी एकदा ऐका. जे नाहीसं होतं ते तिथेच दुरुस्त करा.

वीज

स्टेजवर यंत्र बंद पडण्याची कारणं शोधली तर सॉफ्टवेअरआधी हात वीजजोडणीकडे जायला हवा. तीन गोष्टी पाहा.

एक, अडॅप्टर. इलेक्ट्रॉनचा १२ व्होल्ट, एमपीसी वनचा १९ व्होल्ट, गिटार पेडलचा बहुधा ९ व्होल्ट आणि तोही उलट ध्रुवाचा. पिना दिसायला सारख्याच. अंधारात चुकीची पिन घातली तर यंत्र जळू शकतं. प्रत्येक अडॅप्टरच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा आणि वर यंत्राचं नाव लिहा. परदेशातून मागवत असाल तर अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलंय का ते वाचा. फक्त १०० व्होल्टचा जपानी अडॅप्टर इथल्या २३० व्होल्टवर लावताक्षणी जातो.

दोन, पिनची पकड. गोल पिन सॉकेटमध्ये नुसती घुसलेली असते, तिला कुलूप नसतं. अडॅप्टरची वायर टेबलावरून खाली लोंबत असेल आणि कुणाचा पाय लागला तर यंत्र बंद. उपाय दोन मिनिटांचा आहे. पिनपासून वीतभर वायर सैल सोडा, तिथे एक वळसा घ्या आणि वेल्क्रो पट्टीने स्टँडच्या दांड्याला किंवा टेबलाच्या कडेला बांधा. आता वायर ओढून बघा: ताण पट्टीवर यायला हवा, पिन जागची हलता कामा नये. यूएसबी-सी वर चालणाऱ्या यंत्रांना तर हे जास्तच गरजेचं, कारण ते सॉकेट आडव्या झटक्याने सैल होतं आणि मग बोर्डवरून बदलावं लागतं.

तीन, वीज गेली तर काय. एमपीसी लाइव्ह २, सर्किट ट्रॅक्स आणि स्टँडअलोन पुश ३ यांच्या पोटात बॅटरी आहे. सर्किट ट्रॅक्स सुमारे ४ तास चालतं, पुश ३ दोन-अडीच तास. एसपी-४०४ एमके२ सहा एए सेलवर चालतो. गणपतीच्या मांडवात किंवा जत्रेत जनरेटरवर वाजवणाऱ्याने बॅटरीवालं यंत्रच घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत. बॅटरी नसलेलं आधीच घेतलं असेल तर अडॅप्टरपुढे छोटा यूपीएस लावा. पॉवर बँकेवर चालवणार असाल तर घरी दोन तास चालवून पाहा. काही पॉवर बँका दुसऱ्या पोर्टमध्ये फोन लावला की क्षणभर सगळेच पोर्ट बंद करून पुन्हा सुरू करतात. तेवढ्या क्षणात यंत्र रीस्टार्ट होतं. वाजवताना त्या बँकेला दुसरं काहीही जोडू नका.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक आणि लिथियम बॅटरीवालं यंत्र हातातल्या सामानात ठेवा.

घूंऽऽ आवाज आणि केबल

साउंडचेकला मागे सतत घूंऽऽ ऐकू आला तर बहुतेक वेळा अर्थिंगचा फेरा झालेला असतो: यंत्र एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, आणि मधली ऑडिओ केबल दोन्ही अर्थ जोडते. यूएसबीने लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रात याच वाटेने चिरचिर येते. दोन डीआय बॉक्स (यंत्राचा सिग्नल लांब केबलसाठी बॅलन्स्ड करून देणारे छोटे डबे) जवळ ठेवा आणि त्यांचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थची पिन काढून टाकायची सवय काही ठिकाणी आहे, ती जीवावर बेतू शकते. ते कधीच करू नका.

मिक्सर ५–६ मीटरपेक्षा लांब असेल तर तसाही डीआय लागतोच, विशेषतः यंत्राचे आउटपुट अनबॅलन्स्ड (लांब केबलमध्ये खरखर सहज पकडणारे) असतील तेव्हा. बाहेरचा सिंथ जोडताना मिडीची (यंत्रांनी एकमेकांना सूर-तालाचे संदेश पाठवण्याची) सॉकेटं बघा. एसपी-४०४ एमके२ वर ती ३.५ मिमीची छोटी आहेत, सर्किट ट्रॅक्सवर जुनी पाच पिनांची. छोट्या सॉकेटच्या वायरिंगचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार आहेत. २०१८ मध्ये ‘ए’ प्रमाण ठरला, पण त्याआधीची काही यंत्रं ‘बी’ची आहेत. केबल बरोबर दिसते, सेटिंग बरोबर असतं आणि तरी सिंथ गप्प राहतो, तेव्हा आधी हेच तपासा.

कार्ड, फर्मवेअर, हात

बाजारात नकली एसडी कार्डं भरपूर आहेत. वर ६४ जीबी लिहिलेलं, आत ८ जीबी. सुरुवातीला सगळं ठीक चालतं, कार्ड भरत गेलं की फाइली मोडतात. नवीन कार्ड आधी कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, मग यंत्रातच फॉरमॅट करा. सेटची एक प्रत दुसऱ्या कार्डवर ठेवा, आणि ते कार्ड केबलच्या पिशवीत नाही, खिशात.

कार्यक्रमाला दोन आठवडे उरले की फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं बंद. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही, म्हणजे परतीची वाट बंद होऊ शकते.

हातांचं म्हणाल तर, टचस्क्रीन घामेजल्या बोटांनी दगा देते आणि दुपारच्या उन्हात दिसत नाही. म्युट, आवाज, फिल्टर, पुढचा पॅटर्न ही चार कामं स्क्रीनला हात न लावता, न बघता करता आली पाहिजेत. दुकानात डोळे मिटून करून पाहा. ऑक्टापॅडवर वाढलेल्या वादकाने हेही ध्यानात घ्यावं: एमपीसी किंवा एसपीचे पॅड बोटांसाठी आहेत, काठीसाठी नाहीत. काठीने वाजवायचं असेल तर रोलँड एसपीडी-एसएक्सच्या घराण्यातलं यंत्र घ्या, त्यातही स्वतःचे सॅम्पल घालता येतात.

जुनं घेताना

सोबत हेडफोन, एक जॅक केबल, रिकामं कार्ड आणि तुमचा सर्वांत जड प्रोजेक्ट न्या. प्रत्येक पॅड हलका आणि जोरदार अशा दोन्ही तऱ्हांनी दाबून पाहा. हलका ठोका लागत नसेल किंवा एक ठोका दोनदा वाजत असेल तर पॅडखालची शीट गेलेली आहे. प्रत्येक नॉब हळूहळू फिरवा. आकडा ४०, ४१, ३९, ४३ असा मागेपुढे उडाला तर एनकोडर बदलावा लागेल. प्रत्येक सॉकेटमध्ये जॅक घालून गोल फिरवा, खरखर ऐकू आली तर सॉकेट सैल. एमपीसी लाइव्ह असेल तर खालचं झाकण फुगलंय का ते सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगलं तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, तो सौदा सोडा. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर वापरलेल्या यंत्राच्या सॉकेटांवर हिरवट थर आहे का तेही पाहा. खारी हवा आत शिरली की एकेक जोड कालांतराने गंजत जातो.

पहिल्या कार्यक्रमाआधीची चाचणी

पूर्ण सेट लोड करून तीन तास सलग वाजत ठेवा. स्टेजवर असतील तेवढ्याच केबल, तोच अडॅप्टर, तेच कार्ड. एखाद्या पॅटर्नवर आवाज तुटक येऊ लागला तर तिथल्या सिंथ प्लगिनचा (यंत्रात सॉफ्टवेअरने आवाज तयार करणाऱ्या भागाचा) ताण प्रोसेसरवर येतोय. तो भाग ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून प्लगिन काढून टाका. मग वाजत असतानाच अडॅप्टर काढा, परत लावा, आणि पहिला ठोका पुन्हा वाजेपर्यंतचे सेकंद स्टॉपवॉचवर मोजा. तो आकडा यंत्राच्या पाठीवर टेप लावून लिहून ठेवा. तेवढ्याच लांबीचा, किंबहुना दुप्पट लांबीचा, तंबोऱ्याचा किंवा साध्या सुरावटीचा एक ट्रॅक फोनमध्ये ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला जोडून ठेवा. यंत्र बंद पडलं तर एका हाताने त्या चॅनलचा फेडर (आवाजाची सरकती कळ) वर करायचा आणि दुसऱ्या हाताने यंत्र परत चालू करायचं. ही दोन हातांची हालचाल निदान दहा वेळा करून ठेवा.