गाव संपून शहर सुरू होतं तिथे कमी पैशात घर कसं आखायचं

पुण्याबाहेर वाघोली, मांजरी, चाकणकडे गेलात तर एका बाजूला टॉवर आणि पलीकडे ऊस दिसतो, आणि मधल्या पट्ट्यात राहणाऱ्याला शहरातला वन बीएचके जसाच्या तसा बांधून दिला की वर्षभरात तो तोकडा पडतो, कारण घरातला एक माणूस कंपनीत शिफ्टला जातो आणि दुसरा अजून शेतात. एका बाईंनी प्लॅन बघून मला पहिला प्रश्न विचारला, "ज्वारीची पोती कुठं ठेवू?" तेव्हापासून मी खोल्या काढायच्या आधी सामानाची यादी करतो, आणि तुम्हीपण करा.

आधी कागद बघा. पुण्याभोवती 2015 पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत गेली, त्यामुळे शेजाऱ्याने ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधलं म्हणून आपलंही चालेल असं धरू नका. जागा गावठाणात आहे की शेतीझोनमध्ये, एनए म्हणजे बिगरशेती झालीय का, सातबाऱ्यावर नाव स्वतंत्र आहे का सामाईक, हे पक्कं झाल्याशिवाय टोकन देऊ नका.

मग माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तिरक्या चिरा पडतात त्या यामुळेच, मिस्त्री सिमेंटला दोष देत बसतो. चार फूट खोल खड्डा घेऊन बघा, मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि जोत्याला प्लिंथ बीम, म्हणजे सळयांचा काँक्रीट पट्टा, द्याच, इथे पैसे वाचवायचे नाहीत. काळ्या मातीत शोषखड्डाही पाणी पीत नाही. मुरमाड जमीन असेल तर दोन खड्ड्यांचं संडास सगळ्यात स्वस्त पडतं, पाच माणसांच्या घरात एक खड्डा साधारण 3 वर्षं पुरतो, मग दुसरा चालू करून पहिल्यातलं खत होऊ द्यायचं. विहीर-बोअरपासून निदान 15 मीटर लांब घ्या.

आता प्लॅन. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, आणि पंतप्रधान आवासच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) घराचा कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतली जागा, निदान 30 चौरस मीटर, म्हणजे साधारण 323 चौरस फूट. सगळं एकदम बांधायला जाऊ नका. खाली एक मोठी खोली, स्वयंपाकघर, मोरी-संडास आणि पुढे पडवी एवढंच घ्या, पण पाया वरच्या मजल्याचा घाला आणि जिना बाहेरून ठेवा, कारण चार-पाच वर्षांनी वर दोन खोल्या काढून एमआयडीसीतल्या पोरांना भाड्याने दिल्या की कर्जाचा हप्ता बराचसा तिथूनच निघतो आणि भाडेकरूला तुमच्या घरातून जावं लागत नाही. मोरी-संडास वरखाली एकाच रेषेत ठेवा, पाइप कमी लागतो. कॉलमच्या वर काढलेल्या सळया उघड्या सोडू नका, गंजतात, त्यावर हलकं काँक्रीट घालून झाकून ठेवा, नंतर फोडता येतं.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतल्या बेलापूरच्या वसाहतीत सात-सात घरं एका अंगणाभोवती ठेवली आणि भिंती सामाईक ठेवल्या नाहीत, का, तर शेजाऱ्याची परवानगी न घेता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. भावा-भावांत गुंठे वाटले असतील तर हे जरूर करा, मधलं अंगण एकत्र आणि भिंती वेगळ्या, पुढची भांडणं खूप कमी होतात हो.

भिंतीला रॅट ट्रॅप बाँड करा, विटा उभ्या लावून आत पोकळी राहते, विटा जवळपास पाव भाग वाचतात आणि घर गार राहतं. गवंड्याला सवय नसते, म्हणून आधी एक कच्ची भिंत लावून दाखवायला सांगा. स्लॅबमध्ये जिथं काँक्रीटचं काम नसतं तिथं मंगलोरी कौलं घालून फिलर स्लॅब होतो, पण त्याचं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्या, अंदाजाने नको. पडवी शक्यतो पश्चिमेला ठेवा, दुपारचं ऊन तिथेच अडतं आणि पोतीसुद्धा तिथेच मावतात.